उघाडीकडचे खाचर

मी, श्रीमती सगुणा धर्माजी म्हात्रे, वय बहात्तर, शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे तिवरपाडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. पोटातील गाठीविषयी डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले आहे. डोके शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे माणूस आता या घरात राहत नाही.

१. माझे पती धर्माजी हयात नाहीत. मुलगा निकेत त्यांच्याआधी गेला. मुलगी हेमाली पनवेलला असते. राहते घर, परसातील नारळ, घरापुढचे तळे व बँकेतील सर्व ठेवी हेमालीला द्याव्यात. घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे. "आई, तिकडं येऊन राहा" असे ती वर्षानुवर्षे म्हणत आली आणि मी गेले नाही. तो दोष तिचा नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. निकेतच्या साखरपुड्यासाठी केलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या कपाटात लाल फडक्यात आहेत. त्या मुरुडच्या नेत्राला द्याव्यात. तिचे पुढे दुसरीकडे लग्न झाले, मुले झाली, हे योग्यच झाले. पाटल्या घेताना तिला अवघड वाटेल, म्हणून हेमालीने फार बोलत बसू नये. हातात ठेवाव्यात आणि चहा घेऊन निघावे.

३. परीक्षानळ्या, मोजपात्र व लिटमसचे कागद माझ्या शाळेला द्यावेत. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

४. पॉवर टिलर, पाण्याचा पंप व फवारणीयंत्र माझा पुतण्या भावेश बुधाजी म्हात्रे यास द्यावे. फवारणीयंत्राची नळी मी कापून ठेवली आहे. का, ते त्याला माहीत आहे. मला न विचारता त्याने माझ्या खाचरात तणनाशक मारले आणि "काकी, साफ करून दिलं" असे सांगायला हसत आला. खाऱ्या जमिनीत उगवणारे मोरस नावाचे झुडूप तिथे मीठ शोषून घेत होते; ते वाळून जागेवरच कुजले आणि त्यातले मीठ होते तिथेच परत गेले. पोराची नियत वाईट नव्हती. नुसत्या चांगल्या नियतीने माती सुधारत नाही.

५. आता उघाडीकडचे खाचर. हे मी माझ्या पगारातून घेतले असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. या कलमावरून भांडण होणार हे मला दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची शेते खाडीच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून बांध आहे. तो गावाने मिळून राखायचा. या पद्धतीला आम्ही जोळ म्हणतो. पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात जी वाट असते ती उघाडी. तिची झडप भरतीच्या पाण्याने बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडते. माणसाने तिला हात लावायचा नसतो.

निकेतच्या साखरपुड्याच्या वेळी तळ्यात जिताडा मासा उरला नव्हता. पाहुण्यांना घरचा जिताडा वाढायचा ही आमच्याकडची रीत. म्हणून माझा दीर बुधाजी याने उधाणाच्या भरतीला झडपेत वासा अडकवून ती उघडी ठेवली, की पाण्याबरोबर मासा आत यावा. असे पूर्वीही लोक करीत. त्या सकाळी माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला होता, "वयनी, पावन्यांना असा जिताडा घालतू, नाव कारतील." मी म्हटले, "आधी धरून तर आणा."

वासा रुतून बसला. पाणी आवरेना, शेजारी बांधाला खांड पडली. निकेत बाहेरच्या अंगाने उतरला आणि त्याने वासा उपसून काढला. झडप बसली. निकेत बाहेर राहिला.

त्यानंतर अठरा वर्षे मी बुधाजीशी बोलले नाही. तोही बोलला नाही. आमच्या दोन्ही ओट्यांमध्ये एक तुळस आहे.

खांडीतून आलेले खारे पाणी माझ्या खाचरात उभे राहिले. आटल्यावर जमीन पांढरी झाली. पुढचे तीन पावसाळे तिथे भात सोडाच, तणसुद्धा उगवले नाही. लोक म्हणाले, बी मेले. सगळे मेले नव्हते. मी वर्गात मिठाच्या घट्ट पाण्यात मनुका टाकून दाखवीत असे. साध्या पाण्यातली मनुका फुगते, ही सुरकुतलेलीच राहते. मातीत मीठ फार झाले की बियाचे तसेच होते. भोवती पाणी असते आणि पिता येत नाही. ते पडून राहते.

पुढे पावसाने मीठ थोडे धुतले तेव्हा पहिले मोरस उगवले, कारण मोरसाला मीठ सोसते. ते जमिनीतले मीठ आपल्या पानांत घेते. म्हणून त्याची भाजी उकडून पाणी ओतून द्यावी लागते. मी ती खात असे. माझ्याशिवाय कोणाला रुचली नाही.

एका फाल्गुनात मोरस कोणीतरी उपटून बांधावर रचलेले दिसले. कोणी ते मला ओट्यावरून दिसत होते. बांधावर कुजले तर पावसात मीठ परत खाली उतरणार. हे सांगायचे म्हणजे बोलावे लागले असते. मी टोपली घेतली आणि त्याच्यादेखत सगळा ढीग उघाडीबाहेर नेऊन टाकला. तो उभा राहून पाहत होता. पुढच्या फाल्गुनापासून मोरस उपटले जाते आणि थेट उघाडीबाहेर जाते. दर वर्षी. माझ्या घरातून कोणी ते करीत नाही.

मीठ कमी होत गेले तसे मग खारे गवत आले, नंतर लव्हाळा, नंतर सावा. भावेश म्हणाला, "काकी, गवताशिवाय काय हाय तिथं? तलाव करू. कोळंबी पैसा देल."

मी म्हटले, "कुठले गवत आहे ते आधी बघ."

"गवत ते गवत."

"म्हणूनच तुला देत नाही."

गेल्या भाद्रपदात खाचराच्या वरच्या कोपऱ्यात पाखड उगवली. पाखड म्हणजे रानभात. दाणा पिकताच झडतो, म्हणून शेतकरी तिला शिव्या घालतो. पण ज्या मातीत पाखड जगते तिथे भात जगू शकतो. मी कोणाला सांगितले नाही. चार दिवसांनी बुधाजी तुळशीपलीकडून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, पाखड आयलीय शेतान."

मी म्हटले, "दिसली."

एवढेच झाले.

सबब, सदर खाचर हेमालीच्या मालकीचे राहील. परंतु ते कसण्याचा व त्यातील पीक घेण्याचा हक्क बुधाजी हयात असेपर्यंत त्याचा राहील. हेमाली, "विकून टाक" हे तुझे म्हणणे मी ऐकले आहे. तो आहे तोवर थांब.

अटी अशा. खाचरात खारे पाणी कोणत्याही कारणाने घेऊ नये. तलाव करू नये. तणनाशक मारू नये. मोरस उघाडीबाहेर टाकावे. पाखड ओंबीवर येण्याआधी उपटावी. या वर्षीची मला उपटवली नाही, म्हणून ती राहून गेली. कणगीत खारे सोसणाऱ्या भाताचे बियाणे आहे. येत्या पावसात वरचे मीठ धुऊन गेले की मोड आणून पेरावे. अगोदर घाई करू नये.

यास माफी समजू नये. माफी हा या दस्ताचा विषय नाही. खाचर कोणाच्या हाती सुरक्षित आहे, एवढ्यापुरतेच हे कलम आहे.

६. माझी राख खाचरात टाकू नये. गावात कोणाला तरी ते सुचेल आणि चांगले वाटेल. राखेत क्षार असतात. त्या मातीला आणखी क्षार नकोत.

राख उघाडीबाहेर सोडावी, निकेत राहिला त्या अंगाला. बुधाजीने सोडावी. त्याने बांधावरच उभे राहावे, खाली उतरू नये. ओहोटी लागेपर्यंत थांबावे. झडप आपोआप उघडते. तिला कोणी वासा लावू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे करण्याइतका वेळ नाही.

स्थळ: तिवरपाडा
दिनांक: ११ जानेवारी २०२५

सही
सगुणा धर्माजी म्हात्रे

सगुणाबाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. या दस्तात आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार
१. चांगदेव हिराजी ठाकूर, जोळाचे प्रमुख, तिवरपाडा
२. सोनल सुजित पाटील, शिक्षिका, तिवरपाडा