खाली साखर निघाली

आबा, सगळ्यात आधी कोण टपकलं असंल, तर शेजारची माझी जाऊ. नातीची गाडी बारामतीहून अजून शेळगावात शिरली नव्हती, तोवर ही ओट्यावर पदर सावरून हजर. म्हणते कशी, "काय ओ बाई, आज परत साखर वाटणार का?" हसू दे. आज मलाबी हसू येतंय.

तुमी गेलात तवा माझीच लेकरं लहान होती, ही पणती तुमी कुठनं बघणार? लांब बर्फाच्या डोंगरात नोकरीला हाय. हिवाळाभर बर्फात खड्डा खणते, आत उतरून थर बघते, वर फावडं ठेवून त्याच्यावर थापा मारते, आणि सांगते की ह्या उतारावरनं माणसं न्यायची का बर्फ घसरून अंगावर येईल.

औंदाच्या थंडीत तिचा फोन आला, आवाज तुटत तुटत. "आजी, खड्ड्यात खाली साखर निघाली, म्हणून थांबलोय." पुढचं ऐकूच आलं न्हाय. आपण उसाची माणसं, आबा. साखर निघाली म्हणल्यावर मला काय वाटणार? डबा काढला आणि आळीभर चिमूट चिमूट वाटून आले. "कशाची ओ?" जाऊनं विचारलं. म्हणलं, "नातीचं कायतरी चांगलं झालंय."

दुसऱ्या दिवशी फोन धड लागला. "अगं आजी, साखर म्हंजे वाईट! साखरेगत सुटे दाणे, एकमेकाला धरत न्हाईत. वरचा थर कितीबी घट्ट असू दे, त्याच्यावरनं सगळा सुटतो." मी विचारलं, "मग सुटला का गं?" "सुटला. पण आमी तितं नव्हतो."

आज तिचा साहेब संगं आलेला, तिकडचाच डोंगरातला माणूस. तो हिंदीत सांगत होता, नात मराठी करत होती. "मी त्या उतारावर निघालोच होतो. वरनं दगडागत लागत होतं. हिनं माझी पाठीवरची पिशवी धरून मागं ओढलं. मी लई बोललो हिला."

तवा तुमी डोळ्यापुढं आलात. लोणी भापकरची ती पांढऱ्या मातीची खाण. दिवाळी तोंडावर, आमी पोरी भिंती सारवायला माती आणायला गेलोय, मी पार आत वाकून खुरपं चालवतेय, गार वाटतंय, आणि तुमी मागनं माझी वेणी धरून फरफटत बाहेर काढताय. "वरचं काय बघतीस? खाली हात लाव, पीठ हाय सगळं!" पोरींसमोर वेणी ओढली म्हणून मी दिवसभर अबोला धरला. सांजच्याला तुमी उंबऱ्यावर लाल रिबीन ठेवलीत. ती खाण पुढं ढासळली का न्हाय, मला आठवतबी न्हाय.

चहाला साहेबाला विचारलं, साखर किती? "भरपूर टाका. इकडची चांगली असते." जाऊनं हसून हसून बशीतला चहा सांडला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी घालून साखरेच्या डब्यामागं ठेवते. एक मात्र तुमालाच सांगते. निघताना पोरीला म्हणायचं ठरवलं होतं, सोड ही नोकरी. दारात जवळ घेतली, तिची वेणी माझ्या हातात आली, आणि तोंडातनं निघालं, "खाली हात लावून बघत जा गं." बेंदराच्या सणाला परत येतो म्हणालेत दोघं.