लाल पाटी आणि तीस वर्षांचा अनुभव

३ जुलै
हॉस्पिटलात नवं सॉफ्टवेअर. दुखण्याची गोळी लिहिली की स्क्रीनवर लाल पाटी: थांबा, किडनी तपासा. तीस वर्षं सक्करदऱ्यात हाडांची प्रॅक्टिस करतोय, आता हा डबा मला शिकवणार! हद्द झाली. ठरवलं, शांत राहायचं. दुपारपर्यंत दोनदा माउस आपटला.

५ जुलै
सतरा पाट्या. नुसती बंद होत नाही बया, कारण विचारते. यादीतलं पहिलंच कारण: 'रुग्णाशी चर्चा केली.' झकास. आता दीड सेकंदात पाटी साफ. ज्युनियर अस्मिता मात्र एकेक पाटी वाचत बसते. पोरीत कॉन्फिडन्सच नाही.

९ जुलै
वाडीच्या भागीरथाबाई आल्या. जुन्या पेशंट. गुडघे. बीपीच्या गोळ्या चालू. पाटी आलीच. बाईंनी विचारलं, डॉक्टरसाहेब, हे लाल लाल काहून येऊन राहिलं? म्हटलं, मशीन नवीन आहे, उगाच घाबरतं. बाई हसल्या. महिनाभराच्या गोळ्या लिहिल्या, दिवसातून दोनदा. असा विश्वास कुठल्या सॉफ्टवेअरला मिळेल?

१८ जुलै
मीटिंग. पंधरवड्याचा रिपोर्ट. मला आलेल्या पाट्या दोनशे बारा, मी बंद केलेल्या दोनशे बारा. सगळे माझ्याकडेच बघत होते. निर्णयक्षमता म्हणतात ती हीच. कॉम्प्युटरवाले श्रीधर म्हणाले, सर, त्यातली एक तरी बरोबर असेल ना? म्हटलं, असती तर मला दिसली असती. ही कटकट काढून टाका, असं लेखी पत्रच देणार. मुद्दे पाच. सध्या दोन सुचलेत.

२ ऑगस्ट
भागीरथाबाई ॲडमिट. पाय सुजलेत, लघवी कमी. किडनीवाले डॉक्टर म्हणतात, गोळीमुळे. पण वयही आहेच. बीपीही आहेच. हवाही दमट आहे. जेवण गेलं नाही.

४ ऑगस्ट
बाईंचा मुलगा नत्थू फाइल घेऊन केबिनमध्ये आला. फाइलीत छापलेलं: रुग्णाशी चर्चा केली. हळूच विचारलं त्यानं, साहेब, माह्या मायसंग काय चर्चा केली होती? मी पाणी प्यायलो. ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्याच्यासोबत वॉर्डात गेलो. बाई त्यालाच रागावल्या. डॉक्टरसाहेबाले असं इचारते का गा कोणी? दर खेपेले बोलतेत ते माह्यासंग. जेवली का म्हणून इचारतेत. मला तिथं उभं राहवेना.
संध्याकाळी श्रीधरना त्या दिवसाची पाटी रेकॉर्डमधून काढायला लावली. चार ओळी. जूनच्या तपासणीत किडनी कमजोर, ही गोळी देऊ नये. बाईंचं नाव, वय, सगळं होतं. वाचायला वीस सेकंद लागले. चुकलं माझं. सरळ चुकलं.

८ ऑगस्ट
बाईंची किडनी सावरतेय, परवा घरी जातील. पत्र फाडलं. निश्चय: आजपासून प्रत्येक पाटी शेवटच्या शब्दापर्यंत वाचणार.
पहिलाच पेशंट कळमेश्वरचा शालिकराम. कंबर. गोळी लिहिली, पाटी आली. वाचायला म्हणून पुढे वाकलो, तोवर बोटानं ती बंदही केली होती. कारणासकट. शालिकरामला तिथंच बसवलं आणि शेजारच्या खोलीत अस्मिताकडे धावलो. विचारलं, बंद केलेली पाटी परत कशी उघडायची?
म्हणाली, माहीत नाही सर. मी न वाचता कधी बंदच केली नाही.