सातवी मेणबत्ती

६ ऑक्टोबर

आले एकदाची अलेक्झांड्रियाला! आमच्या तांता गावच्या स्टेशनवर हिल्मीने, माझ्या धाकट्या भावाने, गाडी सुटेपर्यंत बजावलं की कादंबरी खुशाल छाप, पण मुखपृष्ठावर 'इन्शिराह' दिसलं तर मी बाजारात तोंड कुठे दाखवू? आईच्या घरातलं सगळं लिहिलंय ना मी त्यात. त्रेचाळीस वर्षांची मास्तरीण, आणि हा मला शिकवणार! पण समुद्राचा वारा लागला तसा राग उतरला. टोपणनावच घ्यायचं ना, घेऊ.

खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून पाणी दिसतं. खाली घरमालकीण बहीगा मावशी एकट्याच राहतात. माझ्यापुढे पेरूंची टोपली ठेवून म्हणाल्या की अगं बये, किती वाळलीस, लेखिका काय नुसती शाई पिऊन जगतात?

९ ऑक्टोबर

दुपारी मावशींना हस्तलिखित वाचून दाखवते. जिथे मी रडत लिहिलं होतं नेमकं तिथेच त्यांचे डोळे भरतात. माझ्या आईने कधी एक पान ऐकलं नाही.

प्रकाशकाला पंधरा तारखेपर्यंत नाव हवंय. पाच नावं काढलीत आणि ती आरशासमोर म्हणून पाहते. 'रातिबा' म्हटलं की दवाखान्यातली नर्स आठवते. 'शाहीनाझ' तंग चपलेसारखं चावतं. नाव कसं, स्वतःच्या घरासारखं हवं. दिवे गेले तरी हात बरोबर काडेपेटीवर पडावा.

१२ ऑक्टोबर

मावशींनी आज मजा केली. म्हणाल्या, तुला या घरात आज सातवा दिवस, आणि आपल्याकडे बाळाचं बारसं सातव्या दिवशीच, मग तसंच नाव ठेवू की! तबकात मातीची सुरई ठेवून तिला माझा हार घातला, भोवती मेणबत्त्या. प्रत्येकीवर एका नावाची चिठ्ठी. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाचं, अगदी लहानपणी पाहिलं तसंच. पाच नावं माझी होती. सहावी मेणबत्ती त्यांनी माझ्या खऱ्या नावाची लावायला सांगितली, नाहीतर ते बिचारं रुसेल म्हणे. आणि सात हव्यात म्हणून एक त्यांनी स्वतःची आणली. 'जीलान', सहज ओठांवर आलं म्हणाल्या. तिची वात आधीच काळी होती.

'इन्शिराह' सगळ्यांत आधी विझली. वारा नव्हता. जीलान तासभर एकटी जळत राहिली.

मग मावशींनी पितळी खलबत्ता माझ्या कानाशी धरून ठणठण वाजवला आणि बाळाला सांगतात तसं सांगितलं की आईचं ऐक, दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस. हसून हसून पोट दुखलं.

१५ ऑक्टोबर

नाव कळवून टाकलं. जीलान! आश्चर्य म्हणजे कुठेच टोचत नाही. वाण्याने त्या नावाने हाक मारली आणि मी विचार न करता वळले. मावशींनी कपाटातून निळा झगा काढून दिला, कुणाचा तरी पडून होता म्हणे. खांद्यांत, कमरेत, कुठे टाकाही घालावा लागला नाही.

२९ ऑक्टोबर

कालची पानं आज वाचली. अक्षर डावीकडे झुकलंय. माझं कधी झुकत नाही.

गुडघ्यावर जुना व्रण आहे. तो खडकावर घसरून पडल्याचा, हे मला पक्कं आठवतं. पण तांत्यात खडक कुठले? मला तर पोहताही येत नाही.

७ नोव्हेंबर

समोरच्या इस्त्रीवाल्या रिझ्ककाकांकडे झगा द्यायला गेले. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, आलीस का गं पोरी? एकोणीस वर्षं! आम्ही म्हटलं समुद्राने नेलेलं काही परत येत नाही.

जीलान ही मावशींची मुलगी. पोहायला गेली, देह मिळालाच नाही. माणूस गेल्यावरचा चाळिसावा दिवससुद्धा मावशींनी घातला नाही. पोरीच्या बारशाची जिंकलेली मेणबत्ती तेवढी उराशी धरून बसल्या, असं काका म्हणाले.

वात आधीच काळी होती.

आणि आत्ता आठवतंय, माझी मेणबत्ती सरळ करताना त्यांची बोटं ओली होती.

८ नोव्हेंबर

मावशींना विचारलं. ती लाजलीही नाही. माझे केस विंचरत म्हणाली की तुला नाव हवं होतं, मी दिलं, आता रडतेस कशाला? तुझ्या माणसांना तरी तुझं नाव कुठे हवं होतं?

यासाठी ऐकली का माझी कादंबरी? माझी आई मला विचारत नाही, हे मी हिलाच सांगितलं होतं. विश्वासाने. पान अन् पान वाचून.

१४ नोव्हेंबर

प्रकाशकाला तार केली, नाव बदला, इन्शिराहच छापा. उत्तर आलं की मजकूर छान, पण इन्शिराह कोण?

सामान बांधते. दर वेळी पेटी उघडते तेव्हा आत निळा झगाच —

२० नोव्हेंबर

डाकघरातून तांत्याला फोन लावला. आईने उचलला. मागे कुराणपठण चालू होतं. म्हटलं आई, मी. ती म्हणाली, कोण बोलतंय बाळ?

म्हटलं इन्शिराह.

ती रडायला लागली. म्हणाली, अशी थट्टा करू नये गं, आज तिचा चाळिसावा. समुद्रात गेली माझी पोर. तिथल्या घरमालकीणबाईंनी कळवलं, फार भली बाई —

बारा ऑक्टोबरपासून मोजले. चाळीस.

मग हिल्मी फोनवर आला. माझा आवाज ओळखला त्याने. मला माहीत आहे, ओळखला. मग म्हणाला, राँग नंबर.

२१ नोव्हेंबर

केसांतून पाणी गळतंय. खारट. बाहेर गेलेच नव्हते —

हे लिहून ठेवायला हवं. माझ्याच हाताने. सहावी मेणबत्ती माझी होती. तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी — तिच्यावर लिहिलं होतं —

मागची पानं उलटली. सगळीकडे शाई फुटलीय. जिथे ते नाव होतं तिथेच.

आईने ठेवलेलं. माझ्या आईने. तांत्याच्या —

खाली खलबत्ता वाजतोय. हाक मारतेय ती. ओ द्यायची नाही. माझं नाव आठवेपर्यंत ओ द्यायची नाही. नाही. मी नाही —

अक्षर झुकतंय —

आले, आ