आधी डोण, मग घागर

प्रिय सूर्यभान,

अक्काचा लई लई आशीर्वाद. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नको. निजामाच्या राज्यात पोरींना कोण शिकवणार म्हणून तूच मेंढरामागं धुळीत काडीनं मला बाराखडी गिरवायला लावलीस, तवा चुका काढायच्या तर स्वतःच्याच काढ. सांगावे धाडून धाडून मी थकले. तुझा शिपाई म्हणतो, सभापतीसाहेब दौऱ्यावर हायेत. अरे, तुझा मुलूख एवढा मोठा कधी झाला, की दौरा सरतच नाय?

गावाकडचं काय सांगू? औंदाही आभाळ कोरडं गेलं. तुझे दाजी थोरला कळप घेऊन कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेलेत. माझ्यापाशी कोकरं अन् म्हाताऱ्या मेंढ्या राह्यल्या. आम्ही बाया दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतो. एवढ्या दुष्काळातही आपल्या गावविहिरीला पाणी हाय, ही म्हाळसाईचीच कृपा म्हणायची. पण त्या पाण्यावर तुझं इंजिन बसलंय. तुझ्या सहीचा हुकूम दाखवून माणसांनी विहिरीवर जाळी घातली, कुलूप लावलं. दिवसभर टँकर भरतात अन् चिकलठाण्याकडं जातात, तिथं कारखाने उठतायत, बंगले उठतायत. आमच्यासाठी सकाळी घटकाभर जाळी उघडते. त्यात घागरी भांडतात, बाया भांडतात. शहर वाढू दे रे बाबा, माझी ना नाय. पण ते आमच्या नरड्यावर पाय देऊनच वाढवायचं का?

आन् डोण! टँकर वळायला जागा पुरंना म्हणून तुझ्या माणसांनी जनावरांच्या पाण्याची दगडी डोण फोडली. आईनं घालून दिलेला रिवाज तू इसरलास? विहिरीवर आलेल्यानं पहिली बादली डोणीत ओतायची, मुक्या जनावराला पाजायचं, मगच आपली घागर भरायची. वाटसराचं ढोर असो की वैऱ्याचं. एकदा तू आधी घागर भरलीस, तर तिनं ती तुझ्या हातानंच डोणीत रिकामी करवली. परवा कोकरं त्या फुटक्या दगडांना तोंड लावून चाटत व्हती. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू.

तुला त्या सालचं कुलूप आठवतं का? रझाकारांचा धाक व्हता, अन् निजामाच्या मर्जीतल्या आप्पासाहेबांनी कचेरीच्या हुकमानं हीच विहीर बंद केली व्हती. तू निजामाशी लढणाऱ्या पोरांच्या घाटाखालच्या छावणीतून लपतछपत आलास. मी घोंगडीत भाकरी बांधून ज्वारीत तुझी वाट बघत बसलेली. सगळं गाव दारं लावून बसलं असताना तू पहार घेऊन भरदिवसा विहिरीवर गेलास अन् कुलूप फोडलंस. फोडल्यावर पहिली बादली कुठं ओतलीस? डोणीत. त्या दिवशी वाटलं, आपलं राज्य आलं.

मग निजाम गेला, हैदराबाद गेलं, मुंबई आली, महाराष्ट्र झाला. आप्पासाहेबांनी एका रात्रीत रूमी टोपी उतरवून पांढरी चढवली. आम्ही हसलो. आता ते तुझ्या सभेत तुझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसतात, अन् टँकरही त्यांचेच. राज्यं बदलली म्हणतात, पण आमच्या विहिरीवर फक्त किल्ली या हातातून त्या हातात गेली. तुझ्या चेहऱ्याकडं बघून आम्ही बायांनी शिक्का मारला रे! आप्पासाहेबांचा राग येत नाय, त्यांच्याकडून आशाच नव्हती. राग तुझा येतो.

तर पत्राचं कारण. येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही बाया ते कुलूप फोडणार. माझ्यासंगं खडी फोडणाऱ्या मनकर्णाबाईनं डोणीचे दगड परत रचायला घेतलेत. पहार आपलीच, तू परत आणून दाराआड ठेवलेली, मी कुणाला हात लावू दिला नाय. कुलूप तुझं हाय, म्हणून आधी तुला कळवते. पाठीमागून घाव घालायची आपल्या घरात रीत नाय. पोलीस धाडायचे तर धाड, मी पुढंच असन. अन् स्वतः येणार असशील तर ये, मी भाकरी बांधून ठेवते. फक्त कुणाच्या बाजूनं उभं राह्यचं, ते घरूनच ठरवून ये.

फोडायला आणि भरवायला, दोन्हीला तुझीच,
चतुराअक्का