ऊन मिळतंय

कोरेगाव,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. संयोगितास,
मंगलअक्काचा आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. अंगणावर पत्र्याचं शेड केल्यापासून घर कसं टापटीप राहतं, येशील तेव्हा बघशीलच. डब्यात तिळगूळ आहे, चटणी आहे आणि चटणीच्या पिशवीखाली हे पत्र. फोनवर तू स्पीकर लावतेस, आपल्या सासूबाई शेजारीच असतात, मग मला काही बोलता येत नाही.

तू विचारलंस, "अक्का, स्वस्तातला मायक्रोवेव्ह घेतला न्हवं, कसा चालतोय? माझ्या आईला घ्यायचाय." स्वस्तातला! तू सहज म्हणालीस, मला दोन दिवस तो शब्द चावत होता. असो. ऐक.

ओट्यावर मावतो. फिरवायची दोनच बटणं आहेत, तुझ्या आईला जमेल. कालची आमटी दीड मिनिटात वाफाळते. पापड तर तेलाशिवाय असा भाजतो की आमचे हे जेवणाआधीच चार संपवतात. दूध मात्र कडेनं उकळतं आणि मध्ये कोमट राहतं, थांबवून ढवळावं लागतं. भाकरीची चप्पल होते. ओल्या फडक्यात गुंडाळून वीस सेकंद ठेवली तर मऊ राहते, पण लगेच खायची. आणि स्टीलचं काही ठेवायचं नाही. मी पहिल्याच दिवशी आत्यांचा नाव कोरलेला पेला ठेवला. अशा ठिणग्या उडाल्या की हे अनवाणी अंगणात पळाले. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस!

तर रोजच्या घराला चांगला आहे. खुशाल घे.

पण मी तो हौसेनं घेतला नाही. तुझ्यावर जळून घेतला.

मोतीबिंदूसाठी पंधरा दिवस म्हणून आत्या तुझ्याकडे सांगलीला आल्या, त्याला आता अडीच महिने झाले. बावीस वर्षं आम्ही दोघी सासू-सुना एका घरात. तू लग्नानंतर सहा महिन्यांत वेगळं बिऱ्हाड केलंस. आणि फोनवर त्या मला सांगतात, "हितं लय बरं हाय गं मंगल. सकाळ झाली की ऊन मिळतंय. दुसरं काय पायजे या वयाला?" म्हणजे माझ्याकडे काय बावीस वर्षं गारढोण खाल्लं? तव्यावरची पहिली भाकरी त्यांच्याच ताटात पडत आली आहे. तुझ्याकडे मायक्रोवेव्ह आहे, हे डोक्यात होतंच. दुसऱ्या दिवशी यांना साताऱ्याला पिटाळलं.

परवा ऐटीत फोन केला. "आत्या, आता या. हितंबी तुमाला कवाबी ऊन मिळंल. यंत्र आणलंय."

त्या खो खो हसायला लागल्या. "अगं येडे, जेवणाचं न्हाई म्हणत मी. वरच्या उन्हाचं म्हणतीया! गॅलरीत बसती, गुडघं शेकत्यात. तुज्या भाकरीची सर हाय का कुणाला?"

"मग आपल्याकडं ऊन न्हाई व्हय?"

"हुतं की. आता पत्रा हाय."

एवढंच बोलल्या. दसऱ्याला हट्टानं शेड मीच करून घेतलं. त्यांची बाज त्याखाली गेली, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्या काही बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही.

तुझा हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? तुझ्या गॅलरीत त्यांना न मागता मिळालं. माझ्याकडे बावीस वर्षांनंतरही मागायला त्यांना संकोच वाटला. ते फार लागलं गं.

काल पूर्वेकडचे दोन पत्रे काढायला लावले. हे कुरकुरले, कुरकुरू देत. बाज तिथं ओढली आणि आज सकाळी मीच बसून बघितलं. आठ ते दहा चांगलं ऊन येतं.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे आत्यांनी आपल्या दोघींनाही शिकवलंय. या खेपेला त्यात काही घालू नकोस. नुसता आत्यांच्या हातात दे आणि त्यांना कोरेगावच्या गाडीत बसव.

बाजेवर चादर घालून ठेवलेली,
तुझी अक्का
मंगल