निकालाचा कॅमेरा

३० मार्च, सोमवार

आणला! मी नको नको म्हणत असताना दादानं पुण्याहून तोच कॅमेरा आणला.

मी त्याला कागदावर लिहून दिलं होतं. सांगलीत विश्रामबागला एका फोटोग्राफरकडं जुना व्हिडिओ कॅमेरा विकायला आहे. जड आहे, बेढब आहे, पण दिवसभर उन्हात चालतो, झूम अंगचाच आहे, वायर लावून ठेवली की बॅटरीची कटकट नाही. लाइव्हला एवढंच लागतं. दादा म्हणतो, "मयू, ते जुनं धूड बघून आपल्याला दारात कोण उभं करेल? याचं चित्र बघ." चित्र बघितलं. नवरीची पापणी न पापणी दिसते. पण आमचं निम्मं काम बैलगाडा शर्यतींचं. बैलाच्या पापण्या कोण मोजणार आहे?

दुकानाच्या पाटीवर आम्हा दोघा भावंडांची नावं — मुकुल, मयूरी. निर्णय मात्र एकाचाच.

१ एप्रिल, बुधवार

गच्चीवर लावून बघितला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला बंद! स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं आणि मग काळोख. हात लावला तर चहाच्या किटलीसारखा तापलेला. दादा म्हणे, "आज ऊन जरा जास्तच आहे." एप्रिलमध्ये कराडला काय बर्फ पडतो? "मधे मधे बंद करून गार करायचा," म्हणे. शर्यत काय त्याच्यासाठी थांबणार आहे?

फोटो काढायचा कॅमेरा आहे तो. लाइव्हचा नाही. हे मी महिनाभर सांगतेय.

७ एप्रिल, मंगळवार

कडेगावजवळच्या शर्यतीच्या मैदानाचं काम मिळालं, येत्या रविवारचं. तीन कॅमेरे — एक गाड्या सुटतात तिथं, एक स्टेजवर, एक निकालाच्या रेषेवर. शेवटचा सगळ्यात जोखमीचा. बैल इतक्या वेगानं येतात की डोळ्याला कळत नाही. पंच आमच्या स्क्रीनवर चित्र थांबवून बघतात आणि मग नंबर पुकारतात. म्हणून तिथं मी आमचा लग्नांच्या शूटिंगचा जुना कॅमेरा लावते. चित्र पुचाट, पण आजवर दगा दिलेला नाही.

तर कमिटीचे धुळा आबा म्हणतात, "नवाच लावा निकालाला. पत्रिकेवर छापलाय आमी, फोटोसकट." फोटो दादानं त्यांना मला न विचारता पाठवलेला. कपाळ माझं!

आबा आणखी एक म्हणाले. "कृष्णात फौजीच्या हरण्या बैलाचं ह्ये शेवटचं मैदान. वय झालं त्याचं, हितनं फुडं दावणीलाच. त्याचं जरा नीट दावा." दाखवू की. कॅमेरा जिवंत राहिला तर.

१२ एप्रिल, रविवार

आज लिहीत नाही. रागानं अक्षर वाकडं येतंय.

१३ एप्रिल, सोमवार

आता लिहिते.

काल सकाळी निकालाचा कॅमेरा बरोबर रेषेच्या समोर लावला. रेषेच्या दोन्ही टोकांना झेंड्याच्या काठ्या. मधे मधे बंद करून गार करत गटांच्या फेऱ्या काढल्या, सेमी सुरू झाल्या आणि साडेतीनला नव्या साहेबांना ऊन लागलं. बंद. समालोचक माइकवर बोंबलतोय, लोक शिट्ट्या मारतायत, दादा बर्फ शोधायला पळालाय. मी कॅमेऱ्याची तिवई उचलली आणि बैल पळतात त्या दिशेनं दोन पावलं पुढं, स्टेजच्या मांडवाच्या सावलीत नेली. ओला टॉवेल फिरवला. तेव्हा कुठं स्वारी जागी झाली.

फायनल. अलीकडून पहिल्या चाकोरीत कृष्णात फौजींचा हरण्या, पलीकडं पाचवीत कराडच्या वीरधवलचा बैल. दोन्ही छकडे एकदमच आले. पांढऱ्या फक्कीची रेषा दिवसभरात खुरांनी पुसली होती, म्हणून अलीकडच्या काठीवर धरून मी स्क्रीनवर उभी रेघ मारली. पंचांनी चित्र पुढं-मागं करून बघितलं. वीरधवलचा बैल वीतभर पुढं. उधळला गुलाल.

मग फौजी स्टेजवर आले. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल, धापा टाकतोय. "ह्या डब्यात दिसतंय ते खरं न्हाई. माझा हरण्या फुडं व्हता. डबा खोटा हाय तुमचा."

दिवसभर त्या डब्यानं माझा जीव खाल्ला होता. त्याला मी हजार शिव्या देईन. पण माझ्या कामाला खोटं म्हणणारे हे कोण? मी समालोचकाच्या हातातून माइक ओढला आणि म्हणाले, "काका, कॅमेरा खोटं बोलत नाही. हरलेली माणसं बोलतात."

लोक खो खो हसले. फौजी माझ्याकडं बघत राहिले. मग स्टेजवरून खाली उतरले. चांगली जिरली.

१५ एप्रिल, बुधवार

फायनलचा व्हिडिओ गावोगाव फिरतोय. माझं माइकवरचं वाक्यही. कोणीतरी त्याला मागून ढोलकी लावली आहे. वीरधवलचा फोन — "ताई, इथून पुढं आमच्या सगळ्या मैदानांना निकाल तुमचाच." दादा पेढे घेऊन आला, जणू कॅमेऱ्याला मुलगा झालाय.

मी खाल्ला नाही. अजून राग गेलेला नाही, आणि नक्की कुणावर आहे तेही कळत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

चॅनलसाठी क्लिपा कापायला बसले होते. सकाळच्या गटांत रेषेवरच्या दोन काठ्या एकामागं एक येतात, एकच काठी दिसते. फायनलमध्ये दोन दिसतात! मधे चांगलं दोन हात अंतर.

भिंतीवरचं घड्याळ बाजूला उभं राहून बघितलं की काटा सरकलेला दिसतो. तसं मी बघत होते. आणि पंचांना दाखवत होते. पलीकडच्या चाकोरीतला बैल आहे त्याहून पुढं दिसणारच.

दोन पावलं. दादाची नाहीत, कमिटीची नाहीत. माझी.

१९ एप्रिल, रविवार

गाडी काढून एकटीच मैदानावर गेले. काठ्यांचे खड्डे तसेच आहेत, मांडवाचेही. दोरी ताणली. पहिल्या आणि पाचव्या चाकोरीत दोन विटा दोरीला लावून ठेवल्या. मग मांडवाच्या जागेवर उभी राहून मोबाइलमधून बघितलं. पलीकडची वीट हातभर पुढं.

वीरधवलचा बैल वीतभरच पुढं दिसला होता. म्हणजे हरण्या जिंकला होता. तीनदा बघितलं. तीनदा तेच.

शेवटचं मैदान होतं त्याचं. पुन्हा पळवून भरून काढू असं म्हणायचीही सोय नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

२० एप्रिल, सोमवार

दादाला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न — "अजून कुणाला बोललीस?"

"निकाल पंचांनी दिलाय, आपण नाही," म्हणे. मी म्हटलं, रेघ मी मारली होती. "मयू, एकदा चुकलो म्हणालो की परत कुणी आपल्याला रेषेवर उभं करणार नाही." हे खरं आहे, म्हणून जास्तच भडकले. तोंडाला तोंड लागलं. मी म्हटलं, तुझ्या त्या तापणाऱ्या डब्यापायी झालं हे सगळं! तो म्हणाला, "डबा माझा. तिवई कुणी हलवली?"

मी दार आपटून वर आले.

दुपारी व्हिडिओ टाकला. सकाळचं चित्र आणि फायनलचं चित्र शेजारी शेजारी, दोरी, विटा, आणि शेवटी माझं तोंड. तिवई मी हलवली, चूक माझी, हरण्या पुढं होता. एवढंच.

संध्याकाळपर्यंत शिव्यांचा पाऊस. वीरधवलचा फोन — "ताई, फौजीनं काय देऊ केलंय तुम्हाला?" त्याच्याशी ठरलेली पुढची दोन्ही मैदानं गेली. धुळा आबा म्हणाले, "निकाल लागला त्यो लागला. उधळल्याला गुलाल काय परत पिशवीत भरायचा व्हय?" म्हणजे चूक कबूल केली तरी हरण्याला काही मिळालं नाही. मग कबूल करून मी काय मिळवलं? दादा खाली वहीतून ती दोन्ही मैदानं खोडतोय.

अजून एक काम उरलंय. ते व्हिडिओ टाकून होत नाही.

२२ एप्रिल, बुधवार

फौजींच्या घरी जाऊन माफी मागितली. गोठ्यात हरण्याला पेंड चारत होते. मान वर न करता सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तिवई सावलीला नेताना मी बघितलं व्हतं की. वीस वर्सं तोफखान्यात काढली पोरी, नजरंची रेघ कळती मला."

मग स्टेजवर हे का नाही बोललात, मी विचारलं.

"धा हजार माणूस, निम्मं पिऊन आल्यालं. पोरीनं तिवई हलवली म्हणलो असतो, तर तुला घरला जाऊ दिलं असतं का त्यांनी? म्हून डब्याला खोटं म्हणलो. डब्याला काय, कितीबी बोललं तरी लागत न्हाई."