शहाणी डावीकडे झुकते

३ नोव्हेंबर

आले एकदाची! सहवैमानिक म्हणून पहिली पक्की नोकरी, आणि राहायला विमानतळामागच्या गल्लीत, बेकरीच्या वरची खोली. खिडकी उघडली की एकीकडून पावाचा वास येतो, दुसरीकडून विमानाच्या इंधनाचा. मला दोन्ही आवडतात. पलंग कुरकुरतो, नळ आधी खोकतो आणि मग पाणी देतो. बेकरीवाल्या काकूंनी आल्या आल्या गरम पाव हातात ठेवला.

आईचा फोन आला होता. हल्ली विमानं आपोआप चालतात असं तिने कुठेतरी वाचलंय. मग तुला पगार कशाचा देतात, असं विचारत होती. खूप हसले.

६ नोव्हेंबर

आज पहिली फेरी. कंपनीकडे विमानं मोजकीच. माझ्या वाट्याला जे आलंय त्याला सगळे ‘शहाणी’ म्हणतात. ऑटोपायलट इतका गुळगुळीत, की कपातला चहा हिंदकळत नाही. कॅप्टनना सगळे भाऊ म्हणतात. पिकलेले केस, मऊ आवाज, प्रत्येक धावपट्टीचा एखादा किस्सा तोंडावर. माणूस लाख मोलाचा.

विमान उडालं आणि भाऊंनी लगेच ऑटोपायलटचं बटण दाबून हात मांडीवर घेतले, परक्याच्या घरी दिवाणावर बसावं तसे. उतरतानाही जमीन अगदी जवळ आल्यावरच सुकाणू धरलं. हवा स्वच्छ होती म्हणून मी विचारलं, थोडा वेळ हाताने चालवू का? त्यांनी हसत माझं मनगट धरलं. शहाणीला ते आवडत नाही, म्हणाले.

थट्टाच असणार. पण मनगट सोडायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

१२ नोव्हेंबर

एक विचित्र गोष्ट. ढगात शिरलं की सुकाणू आपोआप उजवीकडे कलतं आणि तसंच राहतं. विमान मात्र सरळ. म्हणजे ते डावीकडे झुकू पाहतंय आणि ऑटोपायलट कुणाला न सांगता सावरून धरतोय. डाव्या पंखावर कुणीतरी येऊन बसावं तसं.

भाऊंना दाखवलं. त्यांनी समोरच्या दिव्यांकडे बोट केलं. सगळे हिरवे.

पंखावर बर्फ साचत असेल या शंकेने उतरल्यावर मेकॅनिकला गाठलं. हा मफलरवाला, सदा हसरा. पंखाच्या पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी असते. ती फुगते आणि साचलेला बर्फ फोडते. त्याने ती माझ्यासमोर फुगवून दाखवली. झकास चालत होती. नवीन माणसाला सगळे आवाज ऐकू येतात ताई, म्हणाला, हळूहळू कान बसतील.

१८ नोव्हेंबर

माझ्या आधी इथे कोण होतं, हे विचारलं की लोक विषय बदलतात. ऑफिसातल्या बाई एकदम फायली लावायला लागल्या. शेवटी कॅन्टीनच्या मावशी बोलल्या. चांगला मुलगा होता म्हणे, पण शेवटी शेवटी जेवायला बसला तरी टेबलाची उजवी कड घट्ट धरून बसायचा. एके दिवशी आलाच नाही.

उजवीच कड का, हे मावशींना ठाऊक नाही. मला आहे.

आता मी भाऊंचे हात बघत असते. सगळ्या फेरीभर. त्यांनाही ते कळलंय.

२४ नोव्हेंबर

घाईने लिहितेय, सगळं आठवतंय तोवर. अक्षर वाईट येईल.

ढगात होतो. सुकाणू उजवीकडे, रोजच्यापेक्षा जास्त. मी भाऊंना सांगणार, तेवढ्यात घंटा खणाणली. ऑटोपायलट सुटला. जमलं तोवर एकट्याने ओढलं आणि मग सगळंच एकदम आमच्या अंगावर टाकलं. डावा पंख एकदम खाली गेला. भाऊंचे हात मांडीवरच. ते समोरच्या पडद्याला विचारत होते, “काय करतेय ही? काय करतेय?” मला नाही. तिला.

अशा वेळी मागे ओढलं तर विमान पडतं. मी सुकाणू पुढे ढकललं. नाक खाली गेलं, वेग आला, पंख सावरला. ढगाबाहेर आलो आणि शहाणी पुन्हा साळसूद.

पार्किंगमध्ये भाऊंनी माझी बाही धरली. पूर्वी मी हाताने काहीही उडवायचो गं, म्हणाले, ते कधी गेलं, कळलंच नाही. डोळे भरले होते. कुणाला सांगू नकोस, म्हणाले.

२६ नोव्हेंबर

सांगितलं. भाऊंचंही, पंखाचंही.

मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. विमानातली नोंद त्यांनी आधीच काढून ठेवली होती. ऑटोपायलट मर्यादेत चालत होता. गडबडीच्या क्षणी सुकाणूवर हात होते ते माझे. यंत्रापेक्षा माणसंच जास्त चुकतात, म्हणाले. ते खोटं नाही. तरी मी पंखाचं पुन्हा सांगायला लागले. मग मायेने विचारलं, झोप नीट लागते ना?

शहाणी उडत राहणार. मी नाही. मुख्य कार्यालयात तपासणीसाठी बोलावलंय.

२८ नोव्हेंबर

मेकॅनिक नजर चुकवतो. बेकरीवाल्या काकूंनी विचारलं, सुट्टीवर चाललीस का? त्यांना कुणी सांगितलं?

मीच सुकाणू आधी धरलं का? घंटा आधी, की माझा हात आधी? — घंटा. नक्की घंटा.

पलंगावर पडलं की डावीकडे घसरल्यासारखं होतं.

१ डिसेंबर

मुख्य कार्यालयाकडे. शहाणीतूनच, प्रवासी म्हणून. दुसरं विमान नाही म्हणाले.

डाव्या पंखाशेजारची खिडकी मुद्दाम मागून घेतली. पुढे भाऊ, सोबत एक नवीन सहवैमानिक मुलगी. चढताना हसून बघत होती. भाऊंनी बघितलं नाही.

ढग.

दिसलं! पुढच्या कडेवर बर्फ, जाड, ओबडधोबड. रबरी पट्टी फुगतच नाहीये. जमिनीवर फुगते. इथे, या गारठ्यात — नाही. आणि पुढे तिचा दिवा हिरवाच असणार. बटण दाबलंय, एवढंच दिव्याला कळतं.

पंखाची मागची झडप, सुकाणूबरोबर हलणारी, खाली वळलीय. ऑटोपायलट सावरतोय. मुकाट्याने. पुढच्यांना पत्ताही —

केबिनमधल्या ताईंना सांगितलं. डाव्या पंखावर बर्फ आहे, सुकाणू घट्ट धरा, मगच ऑटोपायलट काढा, लगेच खाली चला — शब्द न् शब्द पोचवा म्हटलं.

ताई आल्या. सगळं हिरवं आहे म्हणे. बसून राहा म्हणे. लहान मुलाशी हसावं तशा हसल्या. माझ्याबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

झडप आणखी खाली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय लिहितेस एवढं? बाहेर बघू नका म्हटलं.

बर्फ वाढतोय. झडपेला आता जागाच उरली नाही —

घंटा. दाराआडून. सुटला —

पंख चाललाय. नाक वर — भाऊ ओढतायत, दोन्ही हातांनी — भाऊ, वर नको, पुढे ढकला, पुढे, नाक खा